चीजला तेल का सुटतं?

ओव्हनमधून भांडं बाहेर काढावं तर वर पिवळ्या तेलाचा तवंग, खाली फाटलेल्या दुधाचे कण आणि चीजचा चिवट गोळा. चीज-बटाटा, म्हणजे दुधात शिजवून वर चीज पसरून भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या, बिघडला की असा बिघडतो. मग बोल लागतो चीजच्या दर्जाला. पण उत्तम, महागडं, चांगलं मुरलेलं चीजच जास्त तेल सोडतं.

चीज म्हणजे केसीन या प्रथिनाचं जाळं. त्याचे धागे कॅल्शियमने एकमेकांना जखडलेले असतात आणि मधल्या पोकळ्यांत स्निग्धांशाचे थेंब व पाणी अडकलेलं असतं. तापवल्यावर स्निग्धांश लवकर, साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच पातळ होतो. प्रथिनांचं जाळं मात्र त्यानंतरही बराच वेळ तग धरतं. ते सैलावलं की चीज वाहू लागतं. इथेच थांबलं तर उत्तम. उष्णता देत राहिलो तर पाणी उडून जातं, प्रथिनं आक्रसतात आणि आतला स्निग्धांश पिळून बाहेर पडतो. चीज मुरताना विकरं (एन्झाइम) प्रथिनांचे तुकडे करतात. त्यामुळे चव वाढते, पण तुटके धागे स्निग्धांशाला फार काळ धरून ठेवत नाहीत.

यावर १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एक तोड काढली. त्यांनी चीज वितळवताना त्यात सोडियम सायट्रेट हा क्षार घातला. सायट्रेट कॅल्शियमला आपल्याकडे ओढून घेतं, मोकळं झालेलं केसीन पाण्यात मिसळतं आणि स्निग्धांशाच्या थेंबांभोवती आवरण धरतं. प्रोसेस्ड चीजची सुरुवात ही अशी झाली. त्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण मुरलेल्या चीजच्या सॉसमध्ये त्याची एखादी स्लाइस विरघळवली, तर तिच्यातले क्षार सगळ्या सॉसला सांभाळायला मदत करतात.

दुसरा उपाय बटाट्यातच असतो. चकत्या करताना सुरीवर पांढुरकं पाणी चिकटतं, ते स्टार्च. तळणीसाठी ते धुऊन टाकतात. इथे मुळीच धुऊ नये. साधारण ६० अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात, दूध दाट होतं आणि प्रथिनांना एकमेकांना चिकटून गुठळ्या करणं अवघड जातं. म्हणून सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या आधी दुधात घालून मंद आचेवर शिजवाव्यात आणि दूध पळीला चिकटू लागलं की ओव्हनच्या भांड्यात ओताव्यात. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, त्यामुळे सॉस चांगला आळतो. चिकट, मेणचट बटाट्याच्या चकत्या अखंड राहतात, पण रस पातळ. मी पिठूळच घेईन.

लिंबू किंवा टोमॅटो घालायचा मोह मात्र आवरावा. आम्लाने दूध फाटतंच, शिवाय बटाट्याच्या पेशींना जोडणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि चकत्या कचकचीत राहतात.

आता वरचा खमंग थर. तो मेयार अभिक्रियेचा. लुई कामीय मेयार यांनी ती १९१२ मध्ये मांडली. प्रथिनं आणि शर्करा यांची ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात चालते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान १०० च्या आसपासच अडकतं. त्यामुळे आधी भांडं झाकून बटाटा मऊ होऊ द्यावा आणि मगच झाकण काढून किसलेलं चीज पसरावं. शेवटची दहा-पंधरा मिनिटं त्याला पुरतात. तेवढ्या वेळात रंग येतो आणि तेल सुटायच्या आत भांडं बाहेर निघतं.

फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे इथे टाळावेत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, मग उघड्या कडा भराभर काळपटतात, आणि अशा करपण्यातून ॲक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं. भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांत ते असतं, हे २००२ मध्ये स्वीडनमध्ये उघड झालं.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं वाट पाहावी. निवताना स्टार्च आणखी घट्ट होतं आणि वाढताना चकत्या घसरत नाहीत. उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करायचं असेल तर चमचाभर दूध घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर करावं. मोठ्या आचेवर तेच तेल पुन्हा वर येतं.