घडी बसवता बसवताच फॉल्ट पकडायचा

आपल्याकडं कोणाच्याही घरचं जुनं कपाट उघडा, एखादी चावीची घडी, म्हणजे मनगटी घड्याळ, सापडतेच. बाबांची नाहीतर आजोबांची, बहुतेक वेळा एचएमटी कंपनीची, जनता नाहीतर पायलट मॉडेलची. एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगलोरला घड्या बनवणं सुरू केलं, आणि नंतरची कितीतरी वर्षं लग्नात जावयाला घडी द्यायची म्हणजे एचएमटीच द्यायची असं ठरलेलंच होतं. आता ती कपाटातली घडी बंद आहे. आठवडी बाजारात दाखवायला नेली की उत्तर मिळतं, भाऊ, मशीन गेलं, सेलवालं टाकून देतो. आणि आजकाल पोरं व्हिडिओ पाहून घरीच घडी खोलून राहिलीत, पेट्रोलमध्ये धुतात, परत लावतात, चालली नाही की त्यांचंही मत तेच, मशीन गेलं.

मला हे "मशीन गेलं" ऐकलं की राग येतो. मशीन असं अख्खं जात नसतं. एका जागी काहीतरी अडलेलं असतं आणि ती जागा शोधून काढता येते, फक्त त्यासाठी सगळी घडी लावून झाल्यावर शेवटी पाहायचं ही सवय सोडावी लागते. सगळं लावून झाल्यावर घडी बंद असली तर संशय दहा जागांवर जातो. एक टप्पा लावला, तपासला, मगच दुसरा लावला, तर संशयाला एकच जागा उरते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेलही टाकलं, स्क्रूही ढिला केला, चाकही बदललं आणि घडी सुरू झाली, तर ती कशानं सुरू झाली हे कधीच कळणार नाही, आणि महिन्याभरानं बंद पडली की पुन्हा पहिल्यापासून.

आधी जोर कुठून कुठं जातो ते पाहू. चावी दिली की बॅरलमधली, म्हणजे दातेरी डबीतली, मेन स्प्रिंग आवळली जाते. बॅरल सहा-सात तासांत एक फेरा मारतो. त्याच्यापुढं सेंटर व्हील, तासाला एक फेरा, मिनिट काटा याच्यावरच बसतो. मग थर्ड व्हील, मग फोर्थ व्हील, ते मिनिटाला एक फेरा, सेकंद काट्याचं. शेवटी एस्केप व्हील, मिनिटाला दहा फेरे, म्हणजे तासाला सहाशे. हिशोब केला तर बॅरलचा एक फेरा होईपर्यंत एस्केप व्हीलचे चार हजारच्या आसपास फेरे होतात. दातेरी चाकांचा नियम शाळेतलाच, वेग जितक्या पटीनं वाढला तितक्याच पटीनं फिरवायचा जोर कमी होतो. म्हणजे बॅरलवर जो जोर आहे त्याचा चार हजारावा भाग शेवटच्या चाकाला मिळतो, आणि घर्षण तर अजून धरलंच नाही.

म्हणून बॅरलला ज्याचा पत्ताही लागत नाही असा कचरा एस्केप व्हीलला थांबवतो. आपल्या विदर्भात हा कचरा बरेचदा कापसाचा असतो. दिवाळीपासून घराघरात कापूस, जिनिंगचा फुफाटा उडत असतो. कापसाचा एक तंतू 15 ते 20 मायक्रॉन रुंद, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनही कमी. आणि चाकाच्या दांडीला वरखाली हलायला जी मोकळीक ठेवलेली असते तीही मिलिमीटरचे दोन-तीन शतांशच. तंतू तिथं शिरला की मोकळीक संपली.

आता पहिला टप्पा. फक्त चाकं बसवायची, पॅलेट (एस्केप व्हीलला अडवत-सोडत जाणारा तुकडा) नाही, बॅलन्स (डुलणारं चाक) नाही. वरची पट्टी ठेवली की लगेच स्क्रू आवळायचे नाहीत. प्रत्येक दांडीचं टोक आपापल्या खड्याच्या (माणकाच्या) भोकात गेलं का ते भिंगातून पाहायचं, एखादं चाक चिमट्यानं हळूच हलवायचं, थोडा स्क्रू, परत हलवायचं, थोडा स्क्रू. टोक भोकाबाहेर असताना स्क्रू आवळला तर टोक तुटतं, मग त्या चाकाचं दुसरं चाकच शोधावं लागतं. सगळं बसल्यावर प्रत्येक चाक चिमट्यानं वर उचलून सोडायचं, केसाएवढं हललं पाहिजे, सगळी चाकं जवळपास सारखीच. मग चावीचे एक-दोन टिक द्यायचे. चाकं भर्रकन फिरतात आणि थांबताना एस्केप व्हील किंचित उलटं फिरतं. हे उलटं फिरणं फार महत्त्वाचं. ते झालं तर समजायचं की बॅरलपासून इथपर्यंत रस्ता मोकळा आहे. नाही झालं तर पुढं जायचंच नाही. पट्टीचा स्क्रू अर्धा फेरा ढिला करून पाहायचा, तेवढ्यानं चाकं मोकळी झाली तर कोणत्यातरी दांडीला वरखाली जागा नाही. नाही झाली तर एकेक चाक काढून उरलेल्यांना फिरवून पाहायचं. पुढच्या टप्प्याआधी स्प्रिंगमधला जोर उतरवून टाकायचा, चावीला उलटं फिरू न देणारा चाप दाबून, चावी बोटात धरून हळूहळू.

दुसरा टप्पा पॅलेटचा, आणि खरं सांगतो, मी घडी खोलतो ती बरेचदा यासाठीच. पॅलेट म्हणजे नांगरासारखा छोटा तुकडा, दोन हातांवर दोन लाल खडे, शेपटीला फाटा. एस्केप व्हीलला बहुतेक 15 दात. दात येऊन एका खड्याच्या बाजूवर टेकतो आणि चाक थांबतं, याला लॉक म्हणतात. आता गंमत अशी की खड्याची ही बाजू सरळ नसते, ती साधारण 12 अंशांनी कललेली असते. त्यामुळं दात नुसता अडत नाही, तो खड्याला चाकाकडं आत ओढतो, आणि पॅलेटची शेपटी जाऊन तिच्या दोन बाजूंच्या भिंतींपैकी एकीला टेकून राहते. दाराची चौकट थोडी कललेली असली की दार आपोआप जाऊन भिंतीला लागतं आणि हवेनं हलत नाही, तसंच. ही ओढ नसती तर हात हलला, बैलगाडीत हिसका बसला की पॅलेट भिंत सोडून मधे तरंगलं असतं आणि बॅलन्सच्या चकतीला घासून त्याचा वेग खाल्ला असता. थॉमस मज नावाच्या इंग्रज कारागिरानं अठराव्या शतकाच्या मध्यात लिव्हरची, म्हणजे पॅलेटची, ही रचना काढली तेव्हा त्यात ओढ नव्हती, ती नंतरच्या कारागिरांनी घातली, आणि ओढ आल्यावरच ही रचना खिशात आणि मनगटावर भरवशाची झाली.

तपासायचं कसं, तर पॅलेट बसवून चावीचे दोन-तीन टिक द्यायचे आणि बारीक सुईच्या टोकानं पॅलेटची शेपटी अगदी हळू सरकवायची. आधी थोडा विरोध लागतो, कारण कललेल्या खड्यावरून दात सुटण्याआधी चाकाला केसभर मागं जावं लागतं. मग दात खड्याच्या कोपऱ्यावरून उतारावर येतो आणि आता तोच खड्याला ढकलायला लागतो, दात उतार सोडून सुटतो, तेवढ्यात समोरचा दात दुसऱ्या खड्यावर पडतो, तो लॉक होतो, आणि ओढ पॅलेटला दुसऱ्या भिंतीवर नेऊन चिकटवते. हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, फक्त टक् करून पॅलेट पलीकडं उडी मारतं. सुईनं नाही नेलेलं, ते स्वतः गेलेलं. तेच पाहायचं असतं. पॅलेट मधेच लोंबकळत राहिलं तर जोर पोचत नाही किंवा पॅलेटच्या दांड्या घाण आहेत किंवा कोणीतरी त्यांना तेल लावलं आहे, या दांड्या साधारण कोरड्याच ठेवतात. एका बाजूला टक् होते आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर दुसरा खडा सरकलाय. 15 दात आणि दोन खडे, म्हणजे एका फेऱ्यात 30 उड्या, सगळ्या मोजून पाहायच्या, एकच उडी दर फेऱ्याला अडखळत असेल तर एक दात वाकडा आहे.

खडा सरकतो कशानं? हे खडे लाखेनं चिकटवलेले असतात. हीच लाख, जी पळसावर, बोरीवर किडे तयार करतात, आपल्या पूर्व विदर्भातल्या जंगलात होते ती. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून पॅलेट कधीही स्पिरिटमध्ये भिजत टाकायचं नाही, घरी धुतलेल्या घड्यांत "धुतली तेव्हापासून चालत नाही" याचं हे एक खरं कारण असतं. तसंच 17 ज्वेल लिहिलं आहे म्हणून माणिक काढून विकायचा विचार कोणी करत असेल तर तो सोडा, हे खडे कारखान्यात बनवलेले आहेत, ऑगस्ट व्हर्न्यूई या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1902 मध्ये त्याची पद्धत जाहीर केली तेव्हापासून ते स्वस्त झाले. ते कडक असतात, झिजत नाहीत, घर्षण कमी, त्यांचं मोल एवढंच, आणि घडीसाठी ते पुष्कळ आहे.

तिसरा टप्पा बॅलन्स. पॅलेट परत काढायचं (आधी जोर उतरवून, विसरायचं नाही) आणि नुसता बॅलन्स बसवून रबरी फुंकणीनं हलकी हवा द्यायची. तो डुलत राहिला पाहिजे आणि हळूहळू मंदावत थांबला पाहिजे, एकदम नाही. डायलची बाजू वर आणि खाली, दोन्ही करून पाहायचं, एका बाजूला लवकर थांबत असेल तर त्या बाजूचं टोक किंवा खडा खराब. हेअर स्प्रिंगचे वेढे सपाट, एकमेकांना न लागणारे, वेढ्यांमधली जागा सारखी. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं 1675 मध्ये बॅलन्सला ही गुंडाळलेली स्प्रिंग लावली, आणि तिचा उपयोग हूकच्या नियमानं कळतो, जितकी पिळाल तितकाच परत यायचा जोर, म्हणून झोका लहान असो की मोठा, वेळ सारखाच लागतो. जनतासारख्या घडीत तासाला 18000 ठोके, सेकंदाला पाच, दिवसाला 4,32,000. प्रत्यक्षात झोका फार लहान झाला की नियम बिघडतो, म्हणून पूर्ण चावी दिल्यावर आडव्या घडीत बॅलन्स मधून एका बाजूला 270 अंशांच्या आसपास फिरला पाहिजे, 200 च्या खाली असेल तर मागच्या टप्प्यात काहीतरी सुटलंय. मोबाईलच्या स्लो मोशननं हा झोका चांगला दिसतो. आणि सगळं ठीक असूनही बॅलन्स स्वतःहून सुरू होत नसेल, हलवावं लागत असेल, तर शांत असताना त्याचा छोटा खडा दोन भिंतींच्या बरोबर मधे नाही, स्प्रिंगची कॉलर थोडी फिरवावी लागते.

घडी दिवसाला कितीतरी मिनिटं पुढं जाते, आणि वेढे एकमेकांना चिकटलेले दिसतात, तर चुंबकत्व. होकायंत्राजवळ धरा, सुई हलेल. हे येतं स्पीकरवरून, मोबाईलच्या कव्हरवरून, आणि बाजारात बीपी-शुगर बरं करतो म्हणून विकून राहिलेल्या चुंबकी कड्यावरून. ते कडं शुगरचं काहीच करत नाही, स्प्रिंगचं मात्र नक्की करतं. आणि बंद घडी घरात ठेवली की घराची वेळ थांबते, अशुभ असतं, म्हणून चांगल्या घड्या भंगारात गेल्यात, याचं फार वाईट वाटतं. बंद घडीत बहुतेक वाळलेलं तेल नाहीतर अडकलेला कचरा असतो. ती फेकू नका.

शेवटचा भाग काट्यांचा. मशीन उघडं चालतं, डायल-काटे लावले की थांबतं, तर किती वेळानं थांबतं ते लिहून ठेवायचं, कारण बिघाडाचा काळ चाक सांगतो. दर मिनिटाला अडखळते तर सेकंद काटा किंवा फोर्थ व्हील. दर तासाला एकाच जागी, तर मिनिट काटा तास काट्याला लागतोय किंवा सेंटर व्हीलचा दात. बारा तासांनी, तर तास काट्याचं चाक. मशीन चालते पण काटे मागं पडतात, तर मिनिट काट्याखालचा कॅनन पिनियन (छोटं दातेरी नळकांडं) ढिला झाला आहे, त्याची पकड घर्षणाचीच असते. शेजारच्या एका काकांच्या जनताचा झोका दर साडेसात मिनिटांनी लहान व्हायचा आणि परत मोठा. सेंटरच्या एका फेऱ्यात थर्ड व्हीलचे आठ फेरे, म्हणजे साठ भागिले आठ, साडेसात. थर्ड व्हील काढून त्याच्या पिनियनच्या, म्हणजे दांडीवरच्या छोट्या दातेरी चाकाच्या, दोन पाकळ्यांच्या बुडाशी भिंगातून पाहिलं, तेलात दबून पिवळा पडलेला कापसाचा तंतू. टोकदार केलेल्या लाकडी काडीनं काढला, चाक धुतलं, झोका सरळ झाला.

मागचं झाकण लगेच लावायचं नाही. एक दिवस डायल वर ठेवून, एक दिवस डायल खाली, एक दिवस चावी खाली करून उभी, रोज सकाळी एकाच वेळी चावी देऊन फरक लिहायचा. उभ्या घडीत झोका कमी होणं साहजिक आहे, आडव्या-उभ्यातला फरक दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत आला तर जुन्या जनताला ते छान आहे. तेल खड्याच्या वाटीत अर्ध्याहून जास्त नको, मे महिन्यात आपल्याकडं पंचेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा जास्तीचं तेल पसरून बाहेर येतं आणि टोक कोरडं पडतं.