गार करून बाळाचा मेंदू वाचतो का?

बाळ जन्मलं की त्याला ऊब द्यायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दुपट्यात गुंडाळायचं, डोक्याला टोपडं घालायचं. जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र अनेक रुग्णालयांत नेमकं उलटं करतात. बाळ उघडंच असतं, खाली गार पाणी खेळवलेली गादी असते आणि गुदद्वारात तापमान मोजणारी बारीक वायर. तापमान 33.5 अंश सेल्सियसवर आणून 72 तास तिथेच धरून ठेवायचं. एरवी मिनिटाला 120च्या वर असणारे हृदयाचे ठोके 100च्या आसपास उतरतात. हात लावला तर बाळ गार लागतं, आणि त्याच्या आईला ते बघवत नाही. नंतर तासाला जेमतेम अर्धा अंश, अशा संथ गतीने ते पुन्हा उबेवर आणतात.

ऑक्सिजन तुटला म्हणून मेंदूच्या सगळ्या पेशी तिथल्या तिथे मरत नाहीत. श्वास सुरू झाल्यावर मेंदू काही तास सावरल्यासारखा वाटतो. मग दुसरी पडझड सुरू होते: पेशींमधली ऊर्जा पुन्हा संपते, सूज चढते, झटके येतात. ही दुसरी पडझड थोपवायची तर जन्मानंतर सहा तासांच्या आत बाळ गार व्हायला हवं. थंडीत पेशींची ऊर्जेची भूक कमी होते आणि मरणाकडे नेणाऱ्या रासायनिक क्रिया मंदावतात. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत यामुळे मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही घटलं, आणि तिथे ही नेहमीची उपचारपद्धती झाली.

आपल्याकडे तीच पद्धत जशीच्या तशी चालेल, असं बरेच जण धरून चालले होते. 2015 ते 2019 या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत 408 बाळांवर ‘हेलिक्स’ ही चाचणी झाली. मुंबईचं सायन रुग्णालय त्यात होतं. 2021मध्ये निष्कर्ष आले. गार केलेल्या बाळांपैकी 42 टक्के दगावली, न केलेल्यांपैकी 31 टक्के. म्हणजे उपचाराने नुसता फायदा झाला नाही असं नाही, मृत्यू वाढले.

असं का व्हावं? संशोधकांचा एक अंदाज मला पटतो. इथल्या पुष्कळ बाळांना इजा एका झटक्यात झालेली नसते. कळा लांबतात, ऑक्सिजन तासन्‌तास थोडाथोडा कमी पडत राहतो, आणि बाळ बाहेर येईपर्यंत ते मधले मोलाचे तास पोटातच निघून गेलेले असतात. तेव्हा महागडी गादी घेण्याआधी बाळंतपणाच्या खोलीकडे बघायला हवं. कळा वाढल्या की दर 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर लावायच्या वेळी दर 5 मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका नर्सकडे एकाच वेळी चार-पाच बायका असतील, तर हे होणार कसं?