प्रोटियसचे मुक्काम

"रक्तातली साखर तासाभरात कळते, मग लघवीच्या कल्चरला तीन दिवस कशाला?" लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न रोजचा, आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुधा चढलेलाच. साखर नुसती मोजायची असते; जंतू आधी वाढवावा लागतो. आता मॅल्डी-टॉफ यंत्र मिनिटांत जंतूचं नाव सांगतं, अशा बातम्या येतात. सांगतं, खोटं नाही. पण बहुतेक वेळा त्या यंत्रालाही रात्रभर वाढलेली कॉलनीच द्यावी लागते, हे बातमीत कुठे नसतं.

कॉलनी म्हणजे एका जंतूची लाखो पिल्लावळ, नुसत्या डोळ्यांना दिसणारा ठिपका. 0.001 मिली लघवी उचलणारा लूप, म्हणजे तारेचं बारीक कडं, अगारच्या (जंतूंना खाद्य पुरवणाऱ्या जेलीच्या) प्लेटवर फिरवायचा, प्लेट रात्रभर 37 अंशांवर ठेवायची, सकाळी ठिपके मोजून हजाराने गुणायचं, की एका मिलीत किती जंतू ते कळतं. मॅककॉन्की अगारवर ई. कोलाय हा जंतू गुलाबी दिसतो, कारण तो त्यातली लॅक्टोज ही साखर आंबवतो आणि आम्लात त्यातलं न्यूट्रल रेड हे रंगद्रव्य लाल होतं. क्लेबसिएलाही गुलाबी, पण बुळबुळीत; लूपने उचलला तर कधीकधी पाकासारखी तार धरतो.

माझा लाडका जंतू मात्र प्रोटियस मिराबिलिस. ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या अगारवर, याची सुटी कॉलनी शोधत बसलात तर फसाल. प्लेट दिव्याखाली तिरकी धरायची, मग दिसतात एकात एक लाटा, पाण्यात खडा टाकल्यासारख्या.

द्रवात हा जंतू दोनेक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, अंगावर मोजक्या कशाभिका, म्हणजे पोहायच्या बारीक शेपट्या. अगारच्या पृष्ठभागावर टेकला की कशाभिकांना मोकळं फिरता येत नाही, आणि ही अडचणच त्याला इशारा देते. पेशी लांबत जाते, पण मध्ये भिंत पडत नाही, त्यामुळे विभाजन थांबतं. होता होता 20 ते 80 मायक्रॉन लांबीची, हजारो कशाभिकांची पेशी तयार होते. अशा पेशी एकमेकींना खेटून तराफ्यासारख्या पुढे सरकतात. काही तासांनी थांबतात, तुटून पुन्हा आखूड होतात, संख्या वाढवतात, परत लांबतात आणि निघतात. पालखीसारखंच: चाल, मुक्काम, चाल. प्लेटवरचं एकेक कडं हा एकेक मुक्काम.

गंमत पुढे आहे. दोन रुग्णांचे प्रोटियस एकाच प्लेटवर समोरासमोर सोडले आणि ते एकाच वाणाचे असले, तर लाटा एकमेकींत मिसळून जातात. वाण वेगळे असले तर मध्ये स्पष्ट रेघ उमटते, दोन शेतांमधल्या बांधासारखी. लुई डीनेस यांनी 1946 मध्ये हिचं वर्णन केलं, म्हणून ही डीनेस रेषा. या बांधावरचं भांडण खरोखर जिवावरचं असतं: दोन्हीकडच्या पेशी एकमेकींना विषारी प्रथिनं टोचतात. वॉर्डात एकाचा जंतू दुसऱ्याला लागला का, हे पूर्वी या रेषेवरून ताडत.

कामाच्या दृष्टीने मात्र ही पालखी म्हणजे ताप. शेजारच्या ई. कोलायवरही ती पातळ साय पसरते आणि तो दिसेनासा होतो. म्हणून लघवीसाठी मीठ जवळजवळ नसलेलं सीएलईडी अगार वापरतात. त्यावर प्रोटियस जागचा हलत नाही. मॅककॉन्कीवरही पित्तक्षार त्याला बहुधा रोखून धरतात.

तिसरा दिवस औषधांचा: या जंतूवर कुठलं औषध चालतं ते पाहायचं. प्रोटियसच्या प्लेटवर औषधाच्या डिस्कभोवतीचं (औषध भिजवलेल्या कागदी चकतीभोवतीचं) जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजताना नवखा हमखास चुकतो. आत शिरलेली पुसट साय पाहून तो औषध निकामी ठरवतो. ती साय सोडून द्यायची आणि मोजपट्टी दाट वाढीच्या कडेला लावायची.