विशेष मुलांसाठी कलाउपचार

ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलांसोबत चित्र, माती, संगीत, नाच, नाटक यातून ठरवून केलेलं काम म्हणजे कलाउपचार, सगळे आर्ट थेरपीच म्हणतात. चित्रकलेच्या क्लासशी याची गल्लत फार होते. क्लासमध्ये चित्र छान यायला हवं असतं, इथे ते कसंही येऊ दे, मुलाने ब्रश धरला का, चिकट रंगात बोट घातलं का, आपली पाळी येईपर्यंत थांबलं का हे बघायचं. (मोठ्यांनीच मुलाचा हात धरून काढलेली सुबक चित्रं भिंतीवर दिसली की समजायचं काय ते.)

'आर्ट थेरपी' हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ साली आणला, टीबी झाल्यावर सॅनिटोरियममध्ये पडल्यापडल्या चित्रं काढताना त्यांना हे सुचलं. पण मुलांच्या बाबतीत कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. व्हिएन्नात ते अंध मुलांकडून मातीकाम करून घ्यायचे, आणि डोळ्यांशिवाय नुसत्या स्पर्शातून, अंगाच्या जाणिवेतून मूल माणसाची मूर्ती घडवू शकतं हे तिथे दिसलं.

संगीतात नॉर्डॉफ-रॉबिन्स पद्धत प्रसिद्ध आहे. पॉल नॉर्डॉफ संगीतकार, क्लाइव्ह रॉबिन्स विशेष शिक्षक, १९५९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोघांनी एकत्र काम सुरू केलं. मूल ड्रम बडवतंय, ओरडतंय, तर त्याला गप्प न करता त्याच्याच लयीत पियानो वाजवायचा, मग हळूहळू मुलाच्या लक्षात येतं की समोरचा आपल्याला उत्तर देतोय, आणि जे मूल बोलत नाही त्याच्याशी ही पहिली 'गप्पा' ठरू शकते.

विशेष मुलांच्या शिक्षणाची बाजू याहून जुनी, फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांनी १९व्या शतकातच बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिकवण्याची साधनं बनवली आणि माँटेसरींनी पुढे त्यातूनच बरंच घेतलं. आता प्रत्येक मुलाचा वेगळा प्लॅन, म्हणजे आयईपी करतात, अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने तो सक्तीचा झाला. शर्टचं बटण लावण्यासारखं काम छोट्या छोट्या पायऱ्यांत तोडून शिकवायचं, आणि मातीचे गोळे वळणं हाही बोटांचा सरावच.

कलाउपचाराने ऑटिझम 'बरा' होतो असं कुणी सांगत असेल तर सरळ उठून यावं. २०१७ साली ९ देशांतल्या ३६४ ऑटिस्टिक मुलांवर मोठी चाचणी झाली, संगीतोपचाराने मुख्य लक्षणांच्या तीव्रतेत ठळक फरक दिसला नाही. मूल रमतं, संवाद सुरू होतो, हे वेगळं मोजावं लागतं. आणि काही मुलांना ड्रमचा आवाज किंवा ओल्या मातीचा स्पर्शच सहन होत नाही, तिथे जबरदस्ती करायची नाही, दुसरं काहीतरी शोधायचं.