व्यायामजन्य श्वासनलिका-आकुंचन

जोराच्या व्यायामानंतर श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जाऊन त्या काही काळ अरुंद होण्याची स्थिती. धाप, कोरडा खोकला, घरघर व छाती आवळल्यासारखी वाटणे ही तिची लक्षणे. दम्याच्या बहुतेक रुग्णांत ती आढळते. दमा नसलेल्या खेळाडूंतही, विशेषतः जलतरणपटू व थंड प्रदेशातील स्कीपटूंत, ती दिसते.

धावण्याने लागणाऱ्या धापेचा दम्याशी संबंध कॅपाडोशियाचा (आजच्या तुर्कस्तानातील प्रदेश) ग्रीक वैद्य अरेटियस याने जोडला. त्याचा काळ इ. स. पहिले किंवा दुसरे शतक असा मानतात. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर याने १६९८ मध्ये दम्यावरील ग्रंथात श्रमाने येणाऱ्या झटक्यांची दखल घेतली.

कारणांविषयी दोन मते आहेत. व्यायामात श्वास तोंडाने घेतला जातो आणि नाकात होणारे हवेचे तापणे-ओलावणे खालच्या नलिकांवर येऊन पडते. अमेरिकी श्वसनतज्ज्ञ मॅकफॅडन यांच्या मते थंडावलेल्या नलिका व्यायाम थांबताच झपाट्याने उबदार होतात, तेथील रक्तवाहिन्या फुगतात व अस्तर सुजते. ऑस्ट्रेलियन संशोधक सँड्रा अँडरसन यांच्या मते मूळ कारण पाण्याची वाफ होणे हे आहे: अस्तरावरील द्रवात क्षारांची तीव्रता वाढते, मास्ट पेशींतून (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या संरक्षक पेशी) हिस्टामीन व ल्यूकोट्राइने ही दाहकारक रसायने सुटतात आणि स्नायू आवळतात. गरम पण कोरड्या हवेतही त्रास होतो, तर उबदार दमट हवेत तो बराच टळतो. त्यामुळे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. थंडी मात्र त्रासात भर घालते.

लक्षणे बहुधा धावणे थांबल्यावर ५ ते १० मिनिटांत शिगेला पोहोचतात व ३० ते ९० मिनिटांत ओसरतात. म्हणूनच पोलीस भरतीची १६०० मीटर धाव पुरी करून मग खोकत बसणाऱ्या उमेदवाराचा त्रास ‘स्टॅमिना कमी’ म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. एका झटक्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांना १ ते ३ तास दुसरा झटका सौम्य येतो. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखणारे इंडोमेथासिन हे वेदनाशामक दिल्यास हे संरक्षण नाहीसे होते, यावरून त्यात प्रोस्टाग्लँडिनांचा वाटा असावा.

निदानासाठी कोरड्या हवेत ६ ते ८ मिनिटे ट्रेडमिलवर धाववतात. शेवटची ४ मिनिटे तरी नाडी अपेक्षित कमालीच्या ८० ते ९० टक्के हवी. वेग हळूहळू वाढवत नेला तर चाचणी फसते. नंतर ५, १०, १५ व ३० मिनिटांनी स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची क्षमता मोजण्याची चाचणी) करतात. पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा मूळ मापापेक्षा १० टक्के किंवा अधिक घटली, तर चाचणी सकारात्मक धरतात.

धावण्याच्या ऐन भरात श्वास आत घेताना घशातून आवाज येऊन थांबताच काही मिनिटांत बरे वाटले, तर दोष बहुधा स्वरयंत्रात असतो. तेथे दम्याच्या पंपाचा (श्वासावाटे औषध देणारे साधन) उपयोग होत नाही. छातीवर दाब येऊन कळ हातात वा जबड्यात जाणे किंवा धावताना शुद्ध हरपणे ही हृदयविकाराची चिन्हे असू शकतात. व्यायाम तत्काळ थांबवून तपासणी करावी.

उपचारात व्यायामाआधी सुमारे १५ मिनिटे सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे पंपातून दोन पफ घेतात. रोज वापरल्यास संरक्षणाचा अवधी घटतो. अशा वेळी श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड नियमित सुरू करतात. मध्ये मध्ये जोराच्या छोट्या धावा असलेला १० ते १५ मिनिटांचा वॉर्मअप आणि थंडीत नाका-तोंडावर रुमाल यांचाही उपयोग होतो.