लिथियम-आयन बॅटरीच्या आगीचं ट्रेनिंग

ई-स्कूटर, ई-रिक्षा, कार, इन्व्हर्टर यातली लिथियम-आयन बॅटरी पेटली, फुगली किंवा धूर सोडायला लागली तर अग्निशमन दलाने, पोलिसांनी, अँब्युलन्सवाल्यांनी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते शिकवणारं ट्रेनिंग. सोनीने ही बॅटरी १९९१ ला बाजारात आणली, पण सांगली-मिरज-कुपवाडात ती जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लागायला लागली हे अलीकडचं, म्हणून जुन्या जवानांनाही हे नव्याने शिकावं लागतं.

सगळ्याचं मूळ थर्मल रनअवे. सेलला मार बसला, आत शॉर्ट झाला किंवा ओव्हरचार्ज झाला की तो तापतो, त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया अजून जोर धरते, त्यातून अजून उष्णता, मग शेजारचा सेल, आणि असं करत अख्खा पॅक जातो. डीसीपीचा, म्हणजे कोरड्या पावडरचा, सिलेंडर मारला की ज्वाला दबते, लोक म्हणतात विझली, पण सेल आतून तापलेलाच असतो आणि पाच-दहा मिनिटांत परत भडका. म्हणून उपाय पाणीच, तेही भरपूर आणि शक्यतो पॅकवरच. "लिथियम आहे, पाणी मारू नका" हे गावोगाव ऐकायला मिळतं पण ते धातूच्या लिथियमला लागू, या बॅटरीत लिथियम आयनांच्या रूपात असतो. कारच्या पॅकला दहा हजार लिटर आणि त्याहून जास्त पाणी लागल्याच्या नोंदी आहेत, एका बंबात साधारण चार-पाच हजार लिटर बसतं, तेव्हा दुसरा बंब किंवा टँकर आधीच मागवून ठेवायचा हे ट्रेनिंगमध्ये बजावून सांगतात.

खरा धोका मात्र ज्वालेपेक्षा गॅसचा, आणि माझ्या मते ट्रेनिंगचा निम्मा वेळ यावरच जायला पाहिजे. पॅकमधून निघणारा पांढरट धूर वाफेसारखा दिसतो पण त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन फ्लोराइड असतं. बंद खोलीत तो साठला आणि ठिणगी मिळाली की स्फोट. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एप्रिल २०१९ ला बॅटरीच्या कंटेनरचं दार उघडल्यावर थोड्या वेळाने असाच स्फोट झाला, फायरमन गंभीर जखमी झाले. म्हणून बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या सिलेंडरचा श्वसन मास्क) घातल्याशिवाय जवळ जायचं नाही, शोरूम किंवा गोडाऊनचं शटर घाईने वर करायचं नाही, आणि जिन्याखालची स्कूटर पेटली असेल तर वरच्या मजल्यावरच्या लोकांना त्या जिन्याने खाली आणायचं नाही, दुसरी वाट नसेल तर शिडी लावायची.

कारमध्ये नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, तिला कटर लावायचा नाही. आग गेल्यावर थर्मल कॅमेऱ्याने तापमान बघत राहायचं, कारण काही तासांनी, कधी काही दिवसांनीसुद्धा पॅक परत पेटतो. क्रेनवाल्याला आणि भंगारवाल्याला हे कोणी सांगत नाही हा मोठा घोळ आहे. गाडी उघड्यावर, इमारतीपासून आणि बाकी गाड्यांपासून साधारण १५ मीटर लांब ठेवायची असते.

सांगलीत पुराचा वेगळा धडा लागतो. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं, तशा पुरात बुडालेली ई-गाडी वाळली की बरी दिसते, पण पॅकमध्ये पाणी गेलेलं असेल तर आत हळूहळू गंजून शॉर्ट होऊ शकतो. खाऱ्या पाण्यात हे जास्त होतं, नदीच्या पाण्यात कमी, तरी ती गाडी चालू करायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही, आणि पूर ओसरल्यावर घरोघर जाणाऱ्या पथकाने हे दारात उभं राहूनच सांगायचं.