पटपडताळणी

पटपडताळणी : हजेरीपटावर नाव असलेली मुले खरोखर शाळेत येतात का, हे बाहेरच्या यंत्रणेने सर्व शाळांत एकाच वेळी जाऊन मोजण्याची कारवाई. महाराष्ट्रात ती ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर झाली. तिचे मूळ मात्र मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यात आहे.

पट म्हणजे शाळेत दाखल असलेल्या मुलांची संख्या. मराठवाड्यातले गुरुजी हजेरीच्या वहीला ‘कॅटलॉग’ म्हणतात. त्यात परिपाठानंतर रोजची हजेरी पडते आणि महिनाअखेरीस गोषवारा निघतो : मुले किती, मुली किती, नवे दाखल किती, कमी किती, सरासरी उपस्थिती किती. कॅटलॉगात चढलेले नाव सहजासहजी उतरत नाही. पालकांनी टी.सी. नेली नाही, तर आई-बापांबरोबर पुण्याकडे गेलेले पोरही पटावर नांदत राहते. ही झाली भाबडी फुगवटी. दुसरी जाणूनबुजून केलेली असते.

कारण सगळे या एका आकड्यावर टांगलेले असते : तुकड्या, शिक्षकांची पदे, खासगी शाळांचे अनुदान, खिचडीचा तांदूळ, मोफत पुस्तके. दरवर्षीच्या संचमान्यतेत शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरते, तेही पटावरूनच. एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले, एकसष्टाव्या मुलाला तिसरा. एकसष्टावे मूल किती मोलाचे, हे मुख्याध्यापकाला आणि संस्थाचालकाला सांगावे लागत नाही. आणि मोजणार तेच, ज्यांचे पद त्या मोजणीवर अवलंबून.

नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना आधी दहावी-बारावीच्या परीक्षांत कॉपीमुक्तीची मोहीम झाली. निकाल घसरला, तरी ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून तिचे नाव राज्यात झाले. त्याच काळात जिल्ह्यातल्या शाळांच्या पटाची प्रत्यक्ष मोजणी झाली. शिक्षण खात्याने आपल्याच शाळा मोजण्याऐवजी महसूल व इतर खात्यांची माणसे नेमली गेली. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मतदाराच्या बोटाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटाला लावली. साधीच युक्ती, पण कित्येक वर्षांच्या तपासण्यांनी जे उघड केले नव्हते ते तिने एका दिवसात केले. पुढे राजेंद्र दर्डा शालेय शिक्षणमंत्री असताना हीच पद्धत राज्याने उचलली.

परिणाम लांबले. निम्म्याहून कमी मुले हजर आढळलेल्या शाळांवर मान्यता काढून घेण्यापर्यंतची कारवाई सुरू झाली, न्यायालयात प्रकरणे गेली. ‘अतिरिक्त शिक्षक’, म्हणजे पट कमी भरल्याने जादा ठरलेले, आणि ‘समायोजन’, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळेत सामावून घेणे, हे शब्द घरोघरी पोचले. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षक भरती थांबली. डी.एड. करून घरी बसलेल्या मराठवाड्यातल्या कितीतरी जणांना ही तारीख अजून पाठ आहे. पट कोणी फुगवला आणि भोगले कोणी, हा हिशेब मात्र कुठल्या तक्त्यात आला नाही.

मोजणीच्या वेळेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०११ चा दसरा ६ ऑक्टोबरला होता, म्हणजे मोजणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कारखान्यांकडे निघू लागतात, लेकरे त्यांच्याबरोबर. तीच मोजणी डिसेंबरात झाली असती, तर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या प्रामाणिक शाळाही बोगस ठरल्या असत्या. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात : आई-बाप उसाच्या फडात, लेकरू आजीकडे किंवा शेजारी आणि जेवण शाळेत. वसतिगृह कागदावरच असले की तिथेही पुन्हा पटाचाच प्रश्न.

मोजणारा आणि ज्याचे काम मोजायचे तो एकच, हे कोडे मूल्यमापनातही आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला ७० टक्के गुण आकारिक, म्हणजे वर्गातल्या निरीक्षणाचे, आणि ३० टक्के संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचे. नोंदी शिक्षकानेच करायच्या. विश्वासावर उभी अशी ही चांगली कल्पना, पण निरीक्षणाच्या नोंदी वर्षअखेरीस एका बैठकीत लिहून काढण्याची सवय अनेक ठिकाणी लागली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात राज्याने स्वतःच्या प्रश्नपत्रिका आणल्या, तरी त्या तपासायच्या त्याच शिक्षकाने. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून परतली, तिचीही तीच गत.

आता शाईची जागा आधार क्रमांकाने घेतली आहे. संचमान्यता आधारवैध, म्हणजे शाळेतली नोंद आधारशी जुळलेल्या, मुलांवर होऊ लागल्यापासून दुबार नावे घटली. पण नवी अडचण उभी राहिली. दाखल-खारीज रजिस्टरात ‘राधा’ आणि आधारवर ‘राधाबाई’, किंवा जन्मतारखेत वर्षाचा फरक, की मूल जुळत नाही. दुरुस्तीसाठी तालुक्याला जायचे, तर बाप फडात. राधा पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणत असते; संचमान्यतेच्या तक्त्यात मात्र ती नसते.